क्लचच्या नळींतील हवा

तळोद्याहून धडगांवास जातांना चांदसैलीचा घाट ओलांडावा लागतो. शहाद्याकडून तोरणमाळास जाणारा रस्ताही असाच वळणावळणांचा आहे. अशा वाटेवर चालकास पदोपदीं गियर बदलावा लागतो. उतारावर एक गियर काढला, पण क्लचचें पेडल तळाशीं जाऊनही दुसरा पडेना, तर इंजिनाचा रोध नाहींसा होऊन गाडीचा सारा भार ब्रेकांवर येतो, व प्रसंग उतारूंच्या जिवावर बेततो. पुष्कळदां याचें कारण कांहीं मोडतोड नसून नळींत शिरलेली थोडीशी हवा एवढेंच असतें.

इंजिनाची गति चाकांकडे जाऊं देणें व हवी तेव्हां ती तोडणें, हें क्लचचें काम होय. कित्येक गाड्यांत पेडलापासून क्लचपर्यंत पोलादी तार जाते. तेथें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. इतर गाड्यांत तारेऐवजीं द्रवानें भरलेली नळी असते. पेडलाजवळच्या सिलिंडरांतील दट्ट्या द्रवास रेटतो, व गियरबॉक्सजवळचा दुसरा दट्ट्या त्या रेट्यानें सरकून क्लच सोडवितो.

बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कालचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाठ केलेलाच आहे. हा फ्रेंच गणिती थोर ख्रिस्ती तत्त्वचिंतकही होता. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दट्ट्याचें क्षेत्रफळ पहिल्याच्या दुप्पट केलें, तर जोर दुप्पट मिळतो, मात्र सरकण्याचें अंतर निम्में होतें. त्या तोकड्या अंतरांतील कांहींही वायां जाऊन चालत नाहीं, आणि हवा नेमकें तेंच वायां घालविते. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा दाबून पाहावा; आंतील हवा दबते, हें तात्काळ कळेल. द्रव असा दबत नाहीं. बुडबुडा चेपण्यांतच पायाचा जोर खर्ची पडतो, व पलीकडचा दट्ट्या पुरता सरकत नाहीं.

ही हवा काढण्यास दोघे लागतात. प्रथम चाकांखालीं दगड लावावे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. एकानें पेडलाशीं बसावें. दुसऱ्यानें खालच्या सिलिंडरावरील निपलास पारदर्शक नळी जोडून तिचें टोंक थोडें तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. पहिल्यानें पेडल सावकाश दाबून धरावें. मग दुसऱ्यानें निपल किंचित सैल करून बुडबुडे जाऊं द्यावेत, व तें आवळल्यावरच पेडल सोडण्यास सांगावें. हा क्रम चुकला, तर हवा पुन्हा आंत ओढली जाते. बुडबुडे संपेपर्यंत असेंच करावें, व मधून मधून वरच्या टांकींत तेल घालीत जावें. ती रिती झाली कीं सारे श्रम व्यर्थ.

मिस्त्री यास ब्रेक ऑइल म्हणतात, परंतु तें इंजिनाचें तेल नव्हे. इंजिनाचें तेल घातल्यास आंतील रबर फुगून नासतें. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषितें. डॉट ४ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरूं शकतो. पुष्कळ गाड्यांत हीच टांकी ब्रेकांसही तेल पुरविते, म्हणून बाटलींत निघालेलें जुनें तेल परत ओतण्याची काटकसर करूं नये.

कित्येक चालक पेडल भराभर हापसून वेळ मारून नेतात. त्यानें घाट कदाचित् पार होईल, हवा मात्र तशीच राहते. आणि ती नीट काढूनही आठवड्याभरांत पेडल पुन्हा मऊ लागूं लागलें, तर कोठें तरी रबर झिजलेलें किंवा सांधा ढिला झालेला असला पाहिजे. तेव्हां प्रथम पेडलामागची भिंत व खालच्या सिलिंडराचें तोंड हात फिरवून पाहावें. ओल बहुधा तेथेंच लागते.