लाल टी आणि काठीवरचा पाव

फागेरनेस, वाल्द्रेस खोरं (नॉर्वे), सप्टेंबरअखेर

रविवारी इथली बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात. किराण्याचं एखादं लहानसं दुकान उघडं असतं, तेवढंच. नवीन होतो तेव्हा मला या रविवारांची धास्ती वाटायची. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, बाहेर ना बाजार ना सिनेमा, आणि चौघांनी हॉटेलात साधं जेवायचं म्हटलं तरी महिन्याचं गणित कोलमडणार. मग खिडकीत उभं राहून पाहिलं तर सगळं गावच एका दिशेला चाललेलं. पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट. आजी-आजोबा पुढे, बापाच्या पाठीवरच्या झोळीत पेंगणारं तान्हं मागे. कुठे निघालात म्हणून कुणालाही विचारा, उत्तर एकच: ‘तूर’ला.

तूर म्हणजे फिरणं. अर्ध्या तासाचा फेरफटकाही तूर आणि तंबू घेऊन केलेली आठ दिवसांची भटकंतीही तूर. या खोऱ्याच्या उत्तरेला योतुनहाइमेनचे उंच डोंगर आहेत, नॉर्वेतलं सर्वांत उंच, 2,469 मीटरचं गाल्लहोपिग्गेन शिखर तिथलंच. पण गावकऱ्यांची रविवारची तूर इतक्या दूर जात नाही. घरामागच्या रानात, तळ्याकाठी, जवळच्या टेकाडावर, कुठेही. तिकीट नाही, फाटक नाही, पावती फाडणारा माणूस नाही.

हे रान सरकारचं असेल असं मी धरून चालले होते. तसं नाही. बरीचशी जमीन शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीची आहे. तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. त्याला इथे ‘आल्लेमान्सरेत’ म्हणतात, म्हणजे सर्व माणसांचा हक्क. रीत फार जुनी, पण 1957 साली तिचा लेखी कायदा झाला. कायदा जमिनीचे दोन भाग करतो. ‘ऊतमार्क’ म्हणजे गावाबाहेरचं रान, माळ, डोंगर; तिथे पायी कुणीही, कधीही जावं. ‘इन्मार्क’ म्हणजे घराभोवतीचं अंगण, पेरलेलं शेत, गवताची कुरणं. शेतात आणि कुरणात पाय ठेवायचा तो जमीन गोठल्यावर किंवा बर्फाखाली गेल्यावरच, आणि तेही 30 एप्रिल ते 14 ऑक्टोबर हा पिकाचा काळ सोडून. म्हणून उन्हाळ्यात ज्या कुरणाला आम्ही वळसा घालून जातो, त्याच्यावरूनच हिवाळ्यात मुलं स्की घालून सरळ घसरत जातात. तंबू ठोकायचा तर जवळच्या घरापासून किमान 150 मीटर लांब, आणि दोन रात्रींहून जास्त राहायचं असेल तर मालकाला विचारायचं. उंच डोंगरावर तेवढंही बंधन नाही. माझी मुलगी हे नियम शाळेतून शिकून आली आणि तिने ते मला शिकवले.

रानमेवाही याच हक्कात येतो. ऑगस्टमध्ये निळ्या बोरांनी, म्हणजे ब्लोबारांनी, रान भरून जातं. गुडघ्याएवढंही नसलेलं झुडूप, त्याला वाटाण्याएवढी फळं. दातेरी फणी लावलेला एक डबा मिळतो, तो झुडपातून ओढला की मूठभर बोरं आत. मुलांना मात्र हातानेच तोडायची असतात, कारण निम्मी तोंडात जातात. जीभ, ओठ, बोटं, सदऱ्याची बाही, सगळं जांभळं होतं. सप्टेंबरात लाल, आंबट तित्तेबार येतात. त्यांचा मी साखर घालून मुरंबा करते. आणि दलदलीत उगवणारी सोनेरी मुल्ते, ती कुठे मिळतात ते कुणी सांगत नाही. आमच्या शेजारीणबाई मनाने मोठ्या मोकळ्या. वाटेल ती मदत करतील, पण मुल्तेची जागा विचारली की हसतात आणि हवापाण्यावर बोलायला लागतात. लहानपणी अमरावतीहून चिखलदऱ्याकडे जाताना टेंभरं आणि चारं गोळा करणारी आम्ही भावंडंही आपापली झाडं अशीच लपवायचो.

आता 15 सप्टेंबर उलटला. या तारखेची मुलं महिनाभर वाट पाहत असतात. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर या काळात रानात आणि रानाजवळ आग पेटवायला बंदी असते, कारण उन्हाळ्यात वणव्याची भीती. बंदी उठली की तुरीला खरा रंग चढतो तो शेकोटीचा. परवाच्या रविवारी आम्ही तळ्याकाठी गेलो. तिथे ‘गापाहूक’ आहे, म्हणजे तीन बाजूंनी लाकडी भिंती आणि उतरतं छप्पर असलेला आडोसा, समोर दगडांनी बांधलेली शेकोटीची जागा. गावच्या क्रीडामंडळाने तो बांधला आहे. शेजारचं कुटुंबही होतं. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीने पिशवीतून स्वतःचा चाकू काढला, ओंडक्यावर नीट बसली आणि बर्चची वाळकी काडी सोलायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. तिची आई शांत. इथे बालवाडीतच मुलांना चाकू धरायला शिकवतात. बसूनच कापायचं, पातं अंगाबाहेरच्या दिशेने चालवायचं, चालताना चाकू म्यानात. त्या पोरीने सोललेली साल आगीला लावली. बर्चची पांढरी साल ओली असली तरी पेट घेते. पण ती पडलेल्या, मेलेल्या झाडाचीच काढायची. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हेही तिनेच माझ्या मुलाला बजावलं.

मग ‘पिन्नेब्रो’, काठीवरचा पाव. मैदा, थोडी बेकिंग पावडर, मीठ आणि पाणी घालून मळलेला गोळा घरूनच पिशवीत न्यायचा. त्याची बोटाएवढी लांब वळी करून काठीच्या टोकाला गुंडाळायची, जशी वेल काठीला धरते. आता धीर हवा. ज्वाळेत धरलं तर वरून कोळसा आणि आत कच्चं. ज्वाळा बसू द्यायच्या, निखारे धगधगले की वीतभर वर काठी धरून हळूहळू फिरवत राहायचं. दहा-बारा मिनिटं. मुलाचा पहिला पाव करपला, दुसरा आगीत पडला. तिसरा तांबूस झाला, काठीवरून ओढला तर मधे आरपार भोक. त्या भोकात तित्तेबारचा मुरंबा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेला, राख झटकून तुपात बुडवलेला आजीचा रोडगा मला आठवला. रोडगा म्हणजे काय ते मी माझ्या मुलांना शब्दांनी कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांना ते न सांगता समजलं.

या सगळ्याचा खर्च? मैदा, आणि घरून नेलेला ‘मातपाक्के’, म्हणजे पावाच्या चकत्यांवर तपकिरी गोडसर चीज, मधे कागद. एखादं क्विक लुन्श चॉकलेट. 1937 पासून लोक ते तुरीला नेतात. आणि बुडाखाली घ्यायला फोमची घडीची बसकण. ही बसकण विसरलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

खर्च नाहीच असं मात्र म्हणता येणार नाही. वरच्या माळावर जाणारे बरेच रस्ते खाजगी आहेत, तिथे आडव्या दांडीपाशी गाडीचे पैसे भरावे लागतात. काही ठिकाणी गाडी उभी करायलाही. शिवाय कपडे. लोकरीचे आतले कपडे, पावसाची पँट, हिवाळी बूट यांशिवाय इथलं मूल बाहेर पाठवता येत नाही, आणि मुलांचे पाय दर वर्षी वाढतात. पहिल्या हिवाळ्यात वर्गातली सगळी मुलं स्कीवर आणि आमची दोन काठावर उभी, असं व्हायची वेळ आली होती. तेव्हा शेजारीणबाईंनी आम्हाला ‘बुआ’चा पत्ता दिला. हे खेळाच्या सामानाचं वाचनालय आहे. स्की, बूट, हेल्मेट, घसरगाडी, तंबू, पाठीवरची मोठी पिशवी, सगळं साधारण आठवडाभर फुकट नेता येतं. नाव-नंबर द्यायचा, मापाचे बूट घालून बघायचे, निघायचं. श्रीमंत-गरीब असा प्रश्नच विचारला जात नाही. डॉक्टरांची मुलंही तिथूनच नेतात. परत देताना सामान पुसलेलं आणि बूट आतून वाळलेले असावेत, एवढीच अपेक्षा. रविवारी रात्री न्हाणीघराच्या गरम फरशीवर आमच्याकडे चार जोड्या उलट्या ठेवलेल्या असतात.

इथल्या या फुकटामागे कुणाचे तरी हात आहेत, हे मला हळूहळू दिसू लागलं. डोंगरवाटांवर दगडांच्या राशींवर लाल रंगात इंग्रजी टी अक्षर काढलेलं असतं. धुक्यातही एका टीपासून पुढचा टी सापडावा अशी त्यांची मांडणी. 1868 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेजियन पर्यटन संघटनेच्या या वाटा देशभर हजारो किलोमीटर पसरल्या आहेत आणि त्यांचे टी रंगवायला बहुतांशी स्वयंसेवकच डबा-कुंचला घेऊन जातात. हिवाळ्यात यंत्राने बर्फ दाबून स्कीसाठी दोन समांतर खोबणी पाडतात. त्यांवरून जायला पैसे नाहीत, पण गाडीतळावर एक पाटी असते आणि ज्याला जमेल तो तिथल्या नंबरावर फोनमधून देणगी टाकतो. सगळ्यांनी मिळून बिनपैशाचं काम करण्याला इथे ‘दुग्नाद’ म्हणतात. आपला श्रमदान हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. जिथे खूप पावलांनी डोंगराची माती खचली, तिथे मात्र कसबी हात लागतात आणि ते थेट हिमालयातून येतात. नेपाळचे शेर्पा गेली वीसेक वर्षं उन्हाळ्यात इथे येऊन दगडी पायऱ्या रचतात. उत्तरेकडच्या त्रोम्सो शहरातल्या अशा एका वाटेचं नावच शेर्पांचा जिना आहे.

पश्चिमेला फिलेफेलचे डोंगर ओलांडले की पूर्वीचा सोग्न ओग फ्योर्दाने जिल्हा लागतो. तिथे 26 नगरपालिकांनी प्रत्येकी एक लहान झोपडी डोंगरात बांधली. आत लाकडाची शेगडी आणि भिंतीवर थोडी पुस्तकं. दिवसा कुणीही जावं, बसावं, मुलांना वाचून दाखवावं. मुक्कामाला नाही, पैसेही नाहीत. आम्ही गेलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत तीन कुटुंबांचे मोजे दोरीवर वाळत होते.

वाल्द्रेसचं स्वतःचं धन म्हणजे ‘स्तोल’, गुरांचे उन्हाळी वाडे. इथले शेतकरी जूनच्या सुमारास गायी-शेळ्या वर डोंगरात नेतात आणि शरदात खाली आणतात. देशात ही रीत सर्वांत जास्त टिकली ती या खोऱ्यात. 2024 च्या डिसेंबरात नॉर्वे आणि स्वीडनच्या या परंपरेची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. स्तोलांच्या मधून वाटा जातात आणि त्यांवर लाकडी फाटकं असतात. फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं. आमच्या घरात हे काम मुलाचं. खुंटी नीट बसली का ते तो दोनदा हलवून बघतो, आणि पलीकडच्या गायी रवंथ करत त्याच्याकडे बघतात.

जुलैतली एक गोष्ट सांगायची राहिली. बेइतोस्तोलेन गावाजवळ बितिहोर्न नावाचा 1,607 मीटरचा डोंगर आहे. मुलांनाही चढता येतो म्हणून आम्ही निघालो. माथा थोडा उरला आणि धुकं उतरलं. पुढचा टी दिसेना. नवरा म्हणाला, परतू या. मुलगी रडकुंडीला आली. माथ्यावरच्या पेटीतल्या वहीत नाव लिहायचं तिने आठवडाभर ठरवलं होतं. इतक्यात खालून एक म्हातारं जोडपं चढत आलं. आम्ही परततोय हे कळल्यावर आजोबांनी आधी मुलीशी हस्तांदोलन केलं, मोठ्या माणसाशी करावं तसं. 1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत 18 जण दगावले होते. त्यानंतर डोंगरात जाण्याचे नऊ नियम घरोघरी पोचवले गेले, आणि त्यांतला वेळेत मागे फिरण्याचा, मागे फिरण्यात लाज नाही असं सांगणारा नियम शाळकरी मुलांनाही पाठ असतो. आजोबांनी तो म्हणायला सुरुवात केली, तो पुरा मुलीने केला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आभाळ निळंभोर होतं. पुन्हा गेलो. माथ्यावर लोखंडी पेटीत जाड वही, दोरीला बांधलेली पेन्सिल. मुलीने आधी मागची पानं चाळली, जुलैच्या त्या तारखेपर्यंत गेली. दोन नावं होती, थरथरत्या अक्षरात, आणि खाली एक ओळ: आज धुकं, वाटेत एक शहाणी मुलगी भेटली. तिने ती दोनदा वाचली. मग कोरं पान काढलं आणि आमची चौघांची नावं देवनागरीत लिहिली.