घरचं वाय-फाय, घरचीच छपाई

पूर्वी घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली कुठली आणि कपाटाची कुठली, हे ती डोळे मिटून सांगे. आता घरात आणखी एक किल्ली आली आहे, वाय-फायच्या पासवर्डची. पण ती बहुतेक घरांत आपल्याकडे नसते! ती असते मुलाकडे, नाहीतर ‘ह्यांच्या’कडे, नाहीतर जोडणी करून गेलेल्या माणसाकडे. मग मुलगा शिकायला परगावी गेला, की प्रिंटर रुमाल पांघरून बसतो आणि एका कागदासाठी आपण कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठतो.

प्रश्न दोन-पाच रुपयांचा नाही, मैत्रिणींनो. त्या दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपण काय काय पाठवतो, आठवून पाहा बरं! आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक, सासूबाईंच्या रक्ताचे रिपोर्ट. कागद आपल्या हाती येतो, पण फाईल दुकानातल्या संगणकावर तशीच राहू शकते. दुकानदार भला माणूस असेल, पण त्या संगणकाला दिवसभरात किती जणांचा हात लागतो? घरची कागदपत्रं घरातच छापली जावीत, यासाठी ही खटपट. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. मुलांच्या सरावाचे कागद मला घरीच छापावे लागतात, म्हणून सांगते, हे काम शिलाई मशिनीत दोरा ओवण्याइतकंच अवघड आहे. एकदा हात बसला की झालं.

राउटरची जागा

कंपनीचा माणूस जो डबा बसवून जातो, त्यात बहुधा दोन्ही कामं होतात : बाहेरून इंटरनेट आत आणणं आणि ते घरभर वाटणं. वाटण्याचं काम करतो तो राउटर. त्याला टीव्हीच्या मागे किंवा कपाटात दडवू नका. शक्य तेवढा घराच्या मध्यावर आणि उंच जागी ठेवा. जाड भिंती, लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा यांनी त्याच्या लहरी अडतात.

या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लांबवर जातात, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतात, पण वेगाने कमी. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण पल्ला थोडा. गंमत म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्या आसपासच चालतो. तेव्हा तुम्ही पापड भाजत असताना लेकीचा ऑनलाइन क्लास अडखळला, तर त्यात नवल नाही. राउटर ओव्हनपासून दूर हलवा. आपल्या आजीच्या काळी साध्या रेडिओलाही परवाना लागे. २.४ चा पट्टा मात्र सरकारने २००५ साली परवानामुक्त केला, म्हणून घरच्या वाय-फायसाठी आपल्याला कुठे अर्ज करावा लागत नाही.

पासवर्ड दोन असतात

एक वाय-फायला जोडण्याचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंग्ज उघडण्याचा. पुष्कळजणींना हा दुसरा ठाऊकच नसतो. राउटरच्या पाठीवर किंवा तळाला चिठ्ठी असते, तिच्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ यासारखा आकडा दिसेल. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला, की सेटिंग्ज उघडतात. तिथे तीन गोष्टी करायच्या. पहिली, कंपनीने दिलेले दोन्ही पासवर्ड बदलायचे. मुलांची नावं, मोबाईल नंबर, लग्नाची तारीख यांतलं काही ठेवू नका. दुसरी, सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडायचं. तिसरी, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क चालू करायचं. भाचरं आली की त्यांना त्याचा पासवर्ड द्या. घरचा सांगावा लागत नाही आणि वाईटपणाही येत नाही.

एक प्रिंटर, सगळ्यांसाठी

वाय-फायचा प्रिंटर घेतला असेल, तर त्याच्या छोट्या पडद्यावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून त्याला घरचं वाय-फाय दाखवायचं. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ लाच जोडले जातात. तुमच्याकडे दोन वेगळी नावं दिसत असतील, तर प्रिंटरला २.४ चं नाव द्या. मग फोनमध्ये फाईल उघडून ‘प्रिंट’ म्हटलं, की प्रिंटरचं नाव दिसायला हवं. आयफोनमध्ये एअरप्रिंट नावाची सोय २०१० पासून आहे, अँड्रॉइडमध्येही छपाईची सेवा असते. संगणकावर सेटिंग्जमध्ये जाऊन प्रिंटर एकदाच जोडून घ्यावा लागतो.

नाव दिसत नाही? आधी पाहा, फोन मोबाईल डेटावर तर नाही ना? की पाहुण्यांच्या नेटवर्कवर आहे? पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही, आणि ते चांगलंच आहे! आणखी एक : फोनमध्येच साठवलेला कागद छापायला बहुतेक प्रिंटरना बाहेरचं इंटरनेट लागत नाही. बाहेरून पाणी आलं नाही तरी टाकीतलं पाणी घरात खेळतं ना, तसंच हे. राउटर चालू असला म्हणजे पुरे.

काल चालत होता आणि आज ‘ऑफलाइन’ म्हणतो, ही नेहमीची तक्रार. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. वीज जाऊन आली, की तो कधीकधी बदलतो. संगणक मात्र जुनाच पत्ता धरून बसतो, बिऱ्हाड बदललेल्या माणसाचं पत्र जुन्या दारावर पडावं तसं. राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. तेवढं केलं, की बरीच कटकट मिटते. तोवर राउटर, प्रिंटर आणि संगणक या क्रमाने बंद-चालू करून पाहा.

जुना, वायरचा प्रिंटर टाकून देऊ नका. तो घरच्या संगणकाला जोडून, संगणकाच्या सेटिंग्जमधून ‘शेअर’ करता येतो. अट एवढीच, की छापताना तो संगणक चालू हवा. काही राउटरना मागे यूएसबीचं भोक असतं, त्यातल्या काहींना प्रिंटर थेट जोडता येतो.

थोडी निगा

शाईचा प्रिंटर महिनोन्महिने बंद राहिला, तर शाई वाळून त्याची भोकं बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान छापत जा. क्वचितच आणि तेही काळंच छापायचं असेल, तर लेझर प्रिंटर बरा. त्याच्या टोनरची पूड असते, ती वाळत नाही. मात्र तो तापताना वीज जास्त खेचतो, म्हणून घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. राउटरला मात्र छोटा यूपीएस जरूर घ्या. आणि प्रिंटर किंवा राउटर मोडीत देण्याआधी त्यातली माहिती पुसून, तो मूळ स्थितीत आणायला विसरू नका. आपला पासवर्ड त्यात असतो.

हे सगळं जमलं, की गॅसचा नंबर आणि दुधाचा हिशेब ज्या वहीत असतो, तिच्यातच एक पान राखा. वाय-फायचं नाव, दोन्ही पासवर्ड, प्रिंटरचा पत्ता आणि कंपनीचा तक्रारीचा क्रमांक त्यावर लिहा. मग घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, एकेक पान स्वतः छापायला लावा. सासूबाईंना त्यांचा रिपोर्ट डॉक्टरांकडे नेण्यासाठी कुणाची वाट पाहावी लागली नाही, की समजा, तुमचं वाय-फाय खऱ्या अर्थाने घरचं झालं.