विश्लेषण : भंगारातल्या गिअरचे घड्याळ करताय? आधी तो कुठून आला ते विचारा

पुण्यातला जुना बाजार असो की कुर्ल्यातल्या भंगाराच्या गल्ल्या, ब्रेक डिस्क, गिअर, व्हॉल्व्हची चाके, प्रेशर गेजचे गोल डबे तिथे मिळतात. त्यात तयार क्वार्ट्झ मशीन बसवले, की भिंतीवरचे घड्याळ तयार. काम एका रविवारचे. मात्र यंत्राचा सुटा भाग घरात आणताना तो दिसतो कसा यापेक्षा आधी कुठे वापरला होता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

घरात काय आणू नये?

सर्वात फसवी वस्तू म्हणजे जुन्या विमानांतली, लष्करी सामानातली अंधारात चमकणारी मीटर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा अनेक तबकड्यांवर रेडियमचा रंग लावत. आज ती चमकत नाहीत, म्हणून निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात चमक देणारे झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होते. रेडियम-२२६चे अर्धआयुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजे उजेड गेला, किरणोत्सर्ग तसाच राहिला. अशा मीटरची काच उघडून तबकडी खरवडणे, हाच नेमका धोका. असा भाग घेऊच नये.

हे अतिरंजित वाटत असेल तर दिल्लीतली मायापुरी आठवा. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातले वापरात नसलेले एक संशोधन उपकरण लिलावात निघाले आणि तिथल्या भंगार बाजारात पोहोचले. त्यात कोबाल्ट-६० होते. ते सुटे करताना कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. धातूकडे बघून त्यातले काहीही कळत नव्हते.

रोजच्या भंगारात त्याहून जास्त संभव असतो तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. जुन्या क्लच प्लेट आणि ब्रेक लायनिंगच्या घर्षणाच्या थरात ते वापरले जाई. क्लच प्लेट दिसते सुंदर, पण ती घासली किंवा हवेच्या झोताने साफ केली, की तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी समोर येतो. त्यामुळे क्लच प्लेट सोडून द्यावी. ब्रेक डिस्क स्वतः बिडाची असते, ती चालेल. पण तिच्यावरही लायनिंगची धूळ असते. कोरडी घासू नये, ओली करून पुसावी. गॅस भरलेले शॉक अब्सॉर्बर कापायच्या फंदातही पडू नये.

मग काय निवडावे?

चार बोल्टची ब्रेक डिस्क. चार भोके बरोबर १२, ३, ६, ९ वर येतात. पाच बोल्टच्या डिस्कमध्ये हा हिशेब बसत नाही. गिअर किंवा स्प्रॉकेट घेताना दाते मोजावेत. ३६ दाते असतील तर दर तीन दात्यांना एक तास, ६० असतील तर दात्याला एक मिनिट. गिअरचा पोलाद कठीण केलेला असतो, घरच्या ड्रिलने भोक पडत नाही. मधले भोक आधीच असते, पण ते मोठे. मागे दोन-तीन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून त्यात आठ मिलिमीटरचे भोक पाडले, की बहुतेक मशिनांचा दांडा बसतो. पट्टी आणि तबकडीच्या एकत्र जाडीपेक्षा दांड्याचा आट्याचा भाग लांब हवा. हे मोजल्याशिवाय मशीन विकत घेणे म्हणजे दुसरी फेरी ठरलेली.

घड्याळ चालता चालता का थांबते?

कारण अनेकदा केसच असते. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ही संख्या १५ वेळा निम्मी करते आणि सेकंदाला एक स्पंद उरतो. तो स्पंद कॉइलमधून जातो आणि चिमुकला चुंबकी रोटर अर्धी फेरी फिरतो. शेजारी मोठे चुंबक असेल तर रोटर जागचा हलत नाही. दुचाकीच्या मॅग्नेटोच्या आत कायमचे चुंबक असतात, म्हणून त्यात बसवलेले मशीन अडते. साधी परीक्षा : टाचणी चिकटली तर तो भाग नको.

काटे पत्र्याचे कापले तरीही हेच होते, कारण साध्या मशीनमध्ये तेवढा जोर नसतो. अ‍ॅल्युमिनियमचे हलके काटे घ्यावेत किंवा हाय टॉर्क मशीन मागावे. वायफायवरून वेळ जुळवणारे सर्किट बंद लोखंडी डब्यात ठेवले तर सिग्नल पोहोचत नाही. मागचे झाकण प्लॅस्टिकचे किंवा लाकडाचे ठेवावे.

भिंत पेलेल का?

२५ सेंटिमीटर व्यासाची, एक सेंटिमीटर जाडीची बिडाची चकती सुमारे साडेतीन किलोची होते. नेहमीच्या घड्याळाच्या खिळ्याचे हे काम नाही. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा प्लग सैल होतो. ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वरची जागा टाळावी. सेल बदलताना एवढे वजन प्रत्येक वेळी उतरवावे लागू नये, म्हणून सेलचा कप्पा बाजूने हाताला येईल असे मशीन फिरवून बसवावे.