वारीतल्या मोबाइलला काय कळायला हवं?

आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालायचं. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी पाणीच कमी पितात. मग लघवीला जळजळ, चक्कर, पायांत गोळे. वारीसाठी आरोग्याचं अ‍ॅप करणाऱ्यांना आम्ही सांगतो, आधी या बाईचा विचार करा.

पहिल्या पडद्यावर तीनच मोठी चित्रं हवीत: पाणी, शौचालय, दवाखाना. बोट लावलं की अ‍ॅपने मराठीत बोलून सांगावं. गर्दीत रेंज जाते, तेव्हा मुक्कामांची माहिती घरूनच फोनमध्ये उतरवून घेता यावी. ओटीपी मागत बसू नये; फोन बहुधा चौघींत एक असतो. आणि ठिकाण विचारताना दिंडीचा क्रमांकही विचारावा: रथापुढची की रथामागची, कितवी? तो वारकरी बाईला पाठ असतो.

साध्या फोनवरूनही १०८ लागतो, तोही फुकट. हा नंबर, दिंडीचा क्रमांक आणि घरचा नंबर चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा. आणि पाणी पीत राहा, बायांनो!