‘बेल’ आणि ‘बैल’

लहान मूल खड्या आवाजांत बाराखडी म्हणूं लागलें म्हणजे त्यास वाचतां येऊं लागलें, असा पुष्कळ पालकांचा समज होतो. ‘क ला काना का’ पासून ‘क ला काना दोन मात्रा कौ’ पर्यंतची चाल मूल चार दिवसांत उचलतें. परंतु तोच ‘कौ’ ‘कौल’ या शब्दांत भेटला कीं तें अडखळतें. कारण उघड आहे. ‘काना दोन मात्रा’ हें चिन्हाचें वर्णन झालें, ध्वनीचें नव्हे. कान्यावर नजर पडतांच मूल ‘का’ म्हणून मोकळें होतें, आणि वरच्या मात्रांचें काय करावें हें त्यास उमगत नाहीं.

वास्तविक ऐ आणि औ हे जोडस्वर होत. अ उच्चारून न थांबतां इ कडे गेलें कीं ऐ, उ कडे गेलें कीं औ. याची साक्ष तोंडच देतें. ‘बेल’ म्हणतांना ए च्या जागीं जीभ जेथल्या तेथें राहते; ‘बैल’ म्हणतांना ती वर सरकते. ‘मोज’ म्हणतांना ओठ आरंभींच गोल होतात. ‘मौज’ म्हणतांना मागाहून. म्हणून पाटीवर अक्षर काढण्यापूर्वीं आम्ही मुलांस एकमेकांच्या तोंडाकडे पाहावयास लावितों. वर्गांत हंशा पिकतो, पण मेना आणि मैना यांतला भेद त्या हंशांतच पक्का होतो. (संस्कृत संधींत अ आणि इ मिळून ए होतो हें खरें, पण तो नियम वरच्या इयत्तेचा. मराठी मुलाच्या कानास ए एकजीवच ऐकूं येतो.)

2009 सालीं शासनानें ॲ व ऑ यांस वर्णमालेंत स्थान दिलें, तेव्हां बाराखडीची चौदाखडी झाली. त्या दोघांचा मुलांस फारसा जाच होत नाहीं. बॅट आणि बॉल त्यांच्या ओळखीचेच असतात.

‘पइसा’, ‘बइल’ असें लिहिणाऱ्या मुलास मठ्ठ म्हणून टपली मारण्याची चाल कित्येक घरीं आहे. तें मूल मठ्ठ नाहीं. उलट त्याचा कान तिखट आहे. जें ऐकलें तेंच त्यानें इमानें लिहिलें. त्यावर रागें भरल्यास तें कानावरचा विश्वास सोडून चित्रावरून किंवा पहिल्या अक्षरावरून तर्कानें शब्द म्हणूं लागतें, आणि ही खोड फार दिवस जात नाहीं. त्यापेक्षां त्यास टाळ्या वाजवावयास सांगावें. ‘मऊ’ ला दोन टाळ्या पडतात, म्हणून तेथें ऊ निराळा लिहावयाचा. ‘बैल’ ला एकच पडते, म्हणून दोन्ही स्वर एका अक्षरांत.

‘पाऊस’, ‘देऊळ’, ‘पाऊल’ हे शब्द मागाहून घ्यावे. यांत दोन स्वर शेजारीं असतात, पण एकजीव होत नाहींत. आणि प्रत्यय लागतांच ऊ चा व होतो : पावसांत, देवळांत, पावलांनीं. पोळ्या लाटतां लाटतां आईनें ‘पाऊस’ म्हणावें व मुलानें ‘पावसांत’ असें उत्तर द्यावें. या खेळास पाटीपेन्सिलीची गरज नाहीं.