मुंग्या, बधिरपणा आणि हेमिप्लेजिया

ऑक्युपेशनल थेरपी शिकणाऱ्या मुलांपुढे पहिल्याच सत्रात ग्रीक-लॅटिन शब्दांची रास येते. ते शब्द नुसते पाठ न करता, आपण शाळेत समास सोडवायचो तसे सोडवावेत. ‘हेमि’ म्हणजे अर्धे, ‘प्लेजिया’ म्हणजे लुळेपणा. हेमिप्लेजिया म्हणजे आपला अर्धांगवायू. ‘हेमिपॅरेसिस’ असेल तर जोर कमी झाला आहे, पुरता गेलेला नाही. ‘डिसफेजिया’त घास गिळताना त्रास होतो, ‘डिसफेझिया’त बोलताना. ऐकायला जवळजवळ सारखे, पण गल्लत झाली तर घास श्वासनलिकेत जायचा.

डॉक्टर आजाराचे नाव सांगतात; थेरपिस्ट विचारतो, त्यामुळे रोजचे काय अडले? आपल्या आजींचे उत्तर काट्या-चमच्याचे नसते. भात कालवणे, निऱ्या घालणे, मांडी घालून पूजेला बसणे, हे अडलेले असते. शिवाय ‘हाताला मुंग्या येतात’, ‘हात बधिर झालाय’ आणि ‘हातात जोर नाही’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. इंग्रजीत सांगताना तिन्हींचे एकच ‘नम्ब’ झाले, तर तपासणीची दिशाच चुकू शकते.

भारतात हे शास्त्र रुजवले ते अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी यांनी. लग्नानंतर त्या कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. आता अर्विंगमधली आपली मुले तेच इथे शिकत असतील, तर घरातल्या आई-आजींनी त्यांना हे मराठी शब्द जरूर शिकवावेत.