विदेशी व्याह्यांचा व्हिसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशी सुनेच्या माहेरच्या किंवा परदेशी जावयाच्या घरच्या माणसांना भारतात भेटीला यायचे असेल, तर प्रत्येकाला आपल्या पासपोर्टवर स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो. तान्हे मूलही याला अपवाद नाही. डहाणू-तलासरी पट्ट्याला परदेशी नातेगोते नवे नाही. डहाणू, घोलवड, बोर्डी इथल्या चिकूच्या वाड्या ज्यांनी नावारूपाला आणल्या, त्या इराणी जरथुश्त्री घराण्यांचे पूर्वज यझ्द आणि केरमान भागातून आलेले. आता शिक्षण-नोकरीसाठी बाहेर गेलेल्या मुलामुलींमुळे इतर समाजांतही परदेशी सुना-जावई येऊ लागले आहेत. लग्न ठरले की व्याही-विहीणबाईंना बोलावण्याची धावपळ सुरू होते आणि ऐकीव माहितीचा घोळ तिथूनच वाढतो.

पहिला समज असा, की भारतीयाशी लग्न झाले म्हणजे सुनेच्या माहेरच्यांनाही सवलत मिळते. तशी मिळत नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला आणि मुलांना ‘एंट्री’ प्रकारचा व्हिसा मिळू शकतो. लग्नाची रीतसर नोंदणी झालेली असेल आणि ते सलग दोन वर्षे टिकलेले असेल, तर जोडीदाराला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठीही अर्ज करता येतो. ही सवलत जोडीदार आणि मुलांपुरतीच आहे. जोडीदाराचे आईवडील, भाऊ, बहीण हे कायद्याच्या दृष्टीने साधे पर्यटक असतात. ही काही वाईट बातमी नाही, कारण नातलगांना भेटणे हे पर्यटक व्हिसाच्या मान्य हेतूंपैकीच एक आहे. अर्जात ते स्पष्ट लिहावे. ‘ताजमहाल बघायला’ असे खोटे कारण देण्याची काहीच गरज नसते.

‘मुंबईला उतरले की विमानतळावरच व्हिसा मिळतो’ हा समज ऑनलाइन मिळणाऱ्या ई-व्हिसाच्या जुन्या नावामुळे पसरला असावा. 27 नोव्हेंबर 2014 रोजी ही योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या नावात ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ हे शब्द होते. प्रत्यक्षात अर्ज तेव्हाही आधीच करावा लागे आणि आजही तसाच करावा लागतो. खरोखर उतरल्यावर मिळणारा व्हिसा जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिराती अशा मोजक्याच देशांच्या नागरिकांसाठी आहे. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. पाहुण्यांचा देश ई-व्हिसाच्या यादीत आहे का, हे भारत सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर आधी पाहावे. यादीत नसेल तर त्यांना आपल्या देशातील भारतीय दूतावासाकडे साधा अर्ज करावा लागतो. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. तसाच चेहरामोहरा असलेली खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात, म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा.

ई-पर्यटक व्हिसा 30 दिवस, 1 वर्ष आणि 5 वर्षे अशा तीन मुदतींचा असतो. 30 दिवस भारतात उतरल्यापासून मोजतात, तर 1 आणि 5 वर्षांची मुदत मंजुरीच्या तारखेपासूनच धावू लागते. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षे मुक्काम नव्हे. एका कॅलेंडर वर्षात एकूण 180 दिवसांहून अधिक राहता येत नाही.

पाकिस्तानशी संबंध असलेल्या नातलगांची वाट वेगळी आहे. कराचीत आप्त असलेल्या पारशी-इराणी घरांना हे माहीत असायलाच हवे. पाकिस्तानी मूळ असलेल्या माणसाला ब्रिटिश किंवा कॅनडाचा पासपोर्ट असला तरी ई-व्हिसा मिळत नाही, साधाच अर्ज करावा लागतो. पाकिस्तानी नागरिकांसाठीची व्हिसा सेवा तर भारताने एप्रिल 2025 मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, स्थगित केली.

‘आपण आमंत्रणपत्र दिले, सरपंचाचा दाखला जोडला, म्हणजे व्हिसा नक्की’ असेही मानले जाते. ई-व्हिसाला मुख्यतः पाहुण्याचा फोटो आणि पासपोर्टचे माहितीचे पान लागते. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. दूतावास आमंत्रणपत्र आणि यजमानाचे ओळखपत्र मागू शकतो, पण त्याने मंजुरी बांधली जात नाही. अर्ज अडतो तो बहुधा नावाच्या फरकावर. पासपोर्टवर नाव आणि आडनाव ज्या क्रमाने छापले आहे, त्याच क्रमाने अर्जात उतरायला हवे.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मात्र पाहुणे घरी पोहोचल्यावरचा आहे. ‘फॉर्म-सी हॉटेलवाल्यांसाठी असतो, घरच्या माणसांसाठी नाही.’ तसे नाही. परदेशी पाहुणा बोर्डीच्या होमस्टेत उतरो, तलासरीच्या लॉजवर की सुनेच्या घरी, ठेवून घेणाऱ्याने 24 तासांच्या आत हा फॉर्म भरून त्याची ऑनलाइन माहिती द्यायची असते. त्यासाठी घरमालकाने परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आपले खाते उघडावे आणि पाहुण्याचा फोटो, पासपोर्ट व व्हिसाचे क्रमांक आणि भारतात उतरल्याची तारीख भरावी. आपल्याकडच्या विखुरलेल्या वस्तीत पत्ता नीट लिहिणे महत्त्वाचे ठरते. गाव, पाडा, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक आणि पिनकोड हे सगळे द्यावे. पाड्यांवर नेटवर्क दगा देते, तेव्हा खाते पाहुणे येण्याआधीच उघडून ठेवणे शहाणपणाचे. शहरी आयुक्तालये सोडली तर जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याचे काम पोलीस अधीक्षक पाहतात. इथे ते पालघरचे.

तलासरीपलीकडे गुजरात लागतो, म्हणून संजाण किंवा उदवाड्याला जायला वेगळा परवाना लागतो, असेही काहींना वाटते. तो लागत नाही. संरक्षित आणि प्रतिबंधित क्षेत्रे वगळता व्हिसा देशभर चालतो. दुसऱ्या ठिकाणी मुक्काम केला, तर तिथल्या यजमानाने फॉर्म-सी भरायचा.

पर्यटक व्हिसावर वाडीत किंवा दुकानात पगारी काम करता येत नाही. चर्च, अग्यारी, मशीद, मंदिरात दर्शन-प्रार्थनेला हरकत नाही, पण धर्मप्रचार करता येत नाही.

मुदतीबाबत ‘चार दिवस इकडेतिकडे चालतात’ हे साफ चूक आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात व्हिसा संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. आजारपण किंवा अपघातामुळे परत जाणे शक्य नसेल, तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर व्हिसा संपण्याआधीच अर्ज करावा.